नाव बदलले, नोंदींचे काय?

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्र शासनाच्या मान्यतेनंतर औरंगाबाद शहराचे नाव अधिकृतरीत्या छत्रपती संभाजीनगर झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात जिल्हा आणि महसुली विभाग यांच्या नामांतराच्या अधिसूचनाही निघाल्या. या निर्णयाच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले व बोलले गेले. वाद न्यायालयात गेला आणि मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शासनाचा निर्णय कायम केला. त्या वादात पुन्हा शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु या नामांतराने एका नव्या व्यवसायाची जी कसोटी पाहिली, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. तो व्यवसाय म्हणजे संकेतस्थळे घडविणाऱ्यांचा, रूढ भाषेत वेब डेव्हलपरांचा.

रस्त्यावरची पाटी रंगारी एका दिवसात बदलतो. संगणकात साठविलेले नाव असे बदलत नाही. ते शाळेच्या प्रवेश अर्जात असते, शिष्यवृत्तीच्या यादीत असते, बँकेच्या खात्यात, रेल्वेच्या तिकिटात आणि निवृत्तिवेतनाच्या कागदात असते. एका ठिकाणी ते बदलले आणि दुसऱ्या ठिकाणी राहिले, की दोन नोंदी एकमेकींना ओळखेनाशा होतात. मग 'माहिती जुळत नाही' असा शेरा पडद्यावर उमटतो, आणि अर्ज घेऊन आलेला विद्यार्थी व खिडकीपलीकडचा लिपिक हे दोघेही हतबुद्ध होऊन एकमेकांकडे पाहत राहतात.

मूळ प्रश्न दप्तराचा

वेब डेव्हलपर म्हणजे पडद्यावरची पाने आकर्षक रंगांनी सजविणारा तरुण, अशी एक समजूत आहे. ती अपुरी आहे. या महाजालाचा जन्मच मुळी दप्तर सांभाळण्याच्या गरजेतून झाला. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ येत, काही काळ काम करीत आणि निघून जात; त्यांच्याबरोबर कोणते कागद कोठे आहेत याचे ज्ञानही जाई. या अडचणीवर उपाय म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली एक टिपण सादर केले, आणि त्यातूनच पुढे जागतिक महाजाल उभे राहिले. म्हणजे या व्यवसायाचा पूर्वज शोधावयाचा तर तो चित्रकारांत नव्हे, दप्तरदारांत शोधावा लागेल. आणि दप्तरदाराला जे प्रश्न पडत आले, नेमके तेच आज वेब डेव्हलपरला पडत आहेत. हे एकदा लक्षात आले, की त्याच्या अडचणी सर्वसामान्य वाचकालाही परक्या वाटणार नाहीत.

नाव आणि क्रमांक

पहिला प्रश्न ओळखीचा. एखादे गाव, एखादी व्यक्ती संगणकाने कशावरून ओळखावी? नावावरून, की क्रमांकावरून? अननुभवी माणूस नावावरून ओळख ठरवितो, आणि नाव बदलले की त्याची सारी रचना डळमळते. शहराचे नाव बदलले तरी येथील मोटारींवरचा एमएच-२० हा क्रमांक बदलला नाही. टपालाचा ४३१००१ हा पिन कोडही तोच राहिला. विमानतळाची आयएक्सयू ही अक्षरे शहराच्या नावावर बेतलेली नव्हती, तीही टिकली. याउलट रेल्वेस्थानकाचे नाव २०२५ साली बदलले, तेव्हा त्याचा एडब्ल्यूबी हा संकेतही जाऊन नव्या नावाच्या आद्याक्षरांशी जुळणारा सीपीएसएन हा संकेत आला. यातून निघणारा धडा साधा आहे. ज्या संकेतात नावाचा अर्थ दडलेला असतो, तो नावाबरोबर बदलण्याचा धोका असतो. ज्यात अर्थ नसतो, तो टिकतो. म्हणून जाणता डेव्हलपर प्रत्येक गावाला एक निरर्थक क्रमांक देतो आणि नाव हे त्या क्रमांकाला लावलेली चिठ्ठी मानतो. चिठ्ठी बदलता येते. क्रमांक तोच राहतो.

नुसत्या नावावर विसंबण्यात आणखी एक धोका आहे. बिहारमध्येही १९७३ पासून औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. 'जेथे जेथे औरंगाबाद आढळेल तेथे तेथे छत्रपती संभाजीनगर घाला' अशी सरसकट आज्ञा संगणकाला दिली, तर तो बिनतक्रार बिहारच्या जिल्ह्याचेही नामांतर करून मोकळा होईल. शिवाय संभाजीनगर नावाच्या वस्त्या कोल्हापुरात आहेत, चिंचवडला आहेत. सांगितलेले नेमके करणे हा यंत्राचा गुण; काय सांगावे याचा विवेक माणसाकडेच राहतो.

रकान्याची रुंदी

दुसरा प्रश्न जागेचा. छापील अर्जात नावासाठी जेवढ्या चौकटी असतात, तेवढीच अक्षरे बसतात. संगणकातील रकान्यालाही अशी मर्यादा घालता येते, आणि ती घालताना डेव्हलपर आपल्यासमोर असलेल्या नावांचाच विचार करतो. इंग्रजी लिपीत औरंगाबाद लिहिण्यास १० अक्षरे लागतात. छत्रपती संभाजीनगर लिहिण्यास मधली मोकळी जागा धरून २५. कोणी उदार मनाने २० अक्षरांचा रकाना ठेवला असेल, तर त्यात 'छत्रपती संभाजी' एवढेच मावते आणि शेवटचे 'नगर' गळून पडते. शहराचे नाव जाऊन पुरुषाचे नाव उरते, आणि यंत्राला त्यात काही वावगे वाटत नाही.

देवनागरीत हा हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो. वाचकाच्या दृष्टीने 'छत्रपती संभाजीनगर' ही दहा अक्षरे. पण 'त्र' हे एक अक्षर संगणकाच्या लेखी त, हलन्त आणि र अशी तीन चिन्हे आहेत. काना, वेलांटी, अनुस्वार हीसुद्धा स्वतंत्र चिन्हेच. अशी १६ चिन्हे आणि एक मोकळी जागा मिळून हे नाव होते. जगभर रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट जागा लागते. मोकळ्या जागेला एक. म्हणजे एकूण ४९ बाइट. 'औरंगाबाद' २४ बाइटांत बसत होते. इंग्रजीच्या मापाने शिवलेल्या अंगरख्यात मराठी नाव बसविण्याचा हा खटाटोप आहे.

हेच व्यक्तींच्या नावांचे. परदेशी धर्तीच्या अर्जात पहिले नाव आणि शेवटचे नाव असे दोन रकाने असतात. महाराष्ट्रात आडनावापासून आरंभ करण्याची रीत शाळेच्या हजेरीपटापासून चालत आली आहे. त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम शासनाने ठरविला आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु तीन रकान्यांच्या जुन्या रचनेत चौथे नाव कोठे घालावयाचे, हा प्रश्न अखेर डेव्हलपरच्या मेजावर येऊन पडतो. आणि त्याने तो सोडविला नाही, तर ती मुले शाळेत दाखल होतील तेव्हा लिपिकाच्या.

एक उच्चार, अनेक लेखने

'संभाजी' आणि 'सम्भाजी' यांतील भेद मराठी वाचकाला जाणवतही नाही. संगणकाला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. इंग्रजीत तर कोणी छत्रपतीत एक एच लिहितो, कोणी दोन. कोणी संभाजी आणि नगर तोडून लिहितो, कोणी जोडून. मराठीत आणखी एक खास अडचण आहे. 'गोऱ्हे', 'कुऱ्हाडे' यांसारख्या आडनावांतील अर्धा र संगणकात दोन भिन्न रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही आकार सारखेच दिसतात, पण आतील चिन्हे निराळी असतात. परिणामी नाव यादीत असूनही शोधात सापडत नाही, आणि 'तुमचे नाव नाही' असे उत्तर मिळते. युनिकोडपूर्व काळात प्रत्येकाने आपापल्या खासगी फॉन्टमध्ये जे साहित्य टंकले, त्याची दशा याहून वाईट आहे. तो फॉन्ट नसला तर मराठी मजकुराऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांगोळी दिसते.

यावर उपाय नाहीत असे नाही. भिन्न लेखने आधी एका रूपात आणून मग त्यांची तुलना करणे, पर्यायी नावांची सूची ठेवणे, हे या व्यवसायातले माहीत असलेले मार्ग आहेत. पण ते योजण्यासाठी मराठी भाषेची जाण लागते आणि थोडा अधिक वेळ लागतो. काम देणारा बहुधा या दोहोंपैकी कशाचेच मोल देत नाही.

जुना दाखला खोटा ठरत नाही

सर्वांत नाजूक प्रश्न भूतकाळाचा आहे. २००५ साली या शहरात जन्मलेल्या विद्यार्थ्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ औरंगाबाद असे आहे. तेच बरोबर आहे, कारण त्या दिवशी शहराचे नाव तेच होते. मराठवाडा विद्यापीठाचे नाव १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. म्हणून १९८० च्या पदवीपत्रावरील जुने नाव चुकीचे ठरले नाही. कागदपत्र हे त्याच्या तारखेचे साक्षीदार असते. साक्षीदाराची जबानी मागाहून कोणी दुरुस्त करीत नाही.

शाळेच्या जनरल रजिस्टरवर काम केलेल्या कोणत्याही लिपिकाला हे सांगावे लागणार नाही. तेथील नोंद खोडरबराने पुसता येत नाही. सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने दुरुस्ती होते आणि जुनी नोंद वाचता येईल अशी राहते. संगणकातही हीच शिस्त पाळता येते. कोणते नाव कोणत्या दिनांकापासून कोणत्या दिनांकापर्यंत होते, याची नोंद ठेवावयाची आणि दोन्ही नावे एकाच गावाची आहेत हे यंत्राला सांगून ठेवावयाचे. असे केले नाही, तर नव्या नावांची यादी पुढे करणारा अर्ज आणि जुने नाव असलेला दाखला यांच्या कात्रीत विद्यार्थी सापडतो. शिवाय सर्वच नावे एकदम बदलत नसतात. २०२४ ची लोकसभा निवडणूक या शहरात 'औरंगाबाद' याच मतदारसंघाच्या नावाने झाली. तेव्हा दोन नावे शेजारी शेजारी नांदणे ही तात्पुरती अडचण नव्हे. ती दीर्घकाळची वस्तुस्थिती आहे.

संकेतस्थळाच्या पत्त्यालाही हाच न्याय लागू आहे. नावाबरोबर पत्ता बदलला आणि जुना पत्ता बंद केला, तर पुस्तकांत, परिपत्रकांत आणि निकालपत्रांत छापलेले सारे संदर्भ निरुपयोगी होतात. घर बदलल्यावर टपाल कचेरीत नवा पत्ता देऊन ठेवावा, तशी सोय महाजालावर आहे. ३०१ हा संकेत 'बिऱ्हाड कायमचे हलले, पुढे जावे' एवढेच सांगतो. ती सोय करण्यास खर्च जवळजवळ नाही. आठवण मात्र ठेवावी लागते.

उघडेल तेव्हा खरे

नोंद अचूक असून भागत नाही. हवी तेव्हा ती उघडलीही पाहिजे. १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल जाहीर झाला आणि पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या प्रतीक्षेत संकेतस्थळे तासन् तास ठप्प झाली. २०२५ च्या मे महिन्यात अकरावीची प्रवेशप्रक्रिया प्रथमच राज्यभर महाजालावरून सुरू होताना नोंदणीचा मुहूर्त तांत्रिक अडचणींमुळे पुढे ढकलावा लागला. निकालाची वेळ आधी ठरलेली असते, विद्यार्थ्यांची संख्या ठाऊक असते. म्हणजे ही गर्दी अनपेक्षित म्हणता येत नाही. आणि ही गर्दी महागड्या संगणकांवरून येत नाही. कन्नड किंवा सोयगाव तालुक्यातील मुलगी वडिलांच्या साध्या मोबाइलवर, मंद जोडणीवर ते पान उघडू पाहते. शहरातील वेगवान जोडणीवर ज्याची परीक्षा झाली, ते पान तिच्यासाठी तपासलेलेच नसते.

शिकविणार कोण?

या शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आणि जवाहरलाल नेहरू अभियांत्रिकी महाविद्यालय १९८२ पासून आहे. संगणकशास्त्राचे पदवीधर येथून बाहेर पडतात. कित्येक पुण्याची वाट धरतात, काही येथेच राहून शाळा, पतसंस्था व दुकानांची संकेतस्थळे करून देतात. त्यांच्यापुढे नित्य प्रश्न असतो तो 'यंदा कोणते नवे साधन शिकावे?' हा. साधने वर्षादोन वर्षांत बदलतात, म्हणून ही धास्ती समजण्यासारखी आहे. परंतु नोंदीची ओळख कशी ठेवावी, जुने कसे जपावे, मराठी नाव मराठी माणसाला सापडेल असे कसे साठवावे, हे प्रश्न साधनांबरोबर बदलत नाहीत. नोकरीच्या जाहिरातीत ते येत नाहीत, म्हणून ते गौण ठरत नाहीत.

शासनाच्याही पदरी काही कर्तव्य येते. नामांतराची अधिसूचना काढताना केवळ राजपत्रातील कागदावर न थांबता, जुने नाव, नवे नाव, अंमलाचा दिनांक आणि कायम राहणारा क्रमांक ही माहिती यंत्रालाही वाचता येईल अशा रूपात प्रसिद्ध झाली पाहिजे. संकेतस्थळाच्या निविदेत ते उभारण्याच्या रकमेबरोबरच पुढील दहा वर्षे सांभाळण्याचीही तरतूद हवी. जुन्या दाखल्यावरील जुने नाव ग्राह्य धरावे, हे लिपिकाला तोंडी न सांगता अर्जाच्या रचनेतच उतरविले पाहिजे. आणि महाविद्यालयांनी एखादा तास तरी जनरल रजिस्टर सांभाळणाऱ्या अनुभवी लिपिकाला वर्गात बोलवावे. नोंद म्हणजे काय, हे त्याच्याइतके नेमके क्वचितच कोणी सांगू शकेल. नामांतर करणे शासनाच्या हाती असते. त्या नामांतरापायी कोणाचा अर्ज अडू नये, हे मात्र आता बऱ्याच अंशी या तरुणांच्या हाती आले आहे.