दुर्गंधातून दरवळ

जमैकाच्या ट्रेलॉनी परगण्यातली हॅम्पडेन इस्टेट 1753 साली गुलामांच्या श्रमावर उभी राहिली. 2009 मध्ये ती हसी कुटुंबाने विकत घेतली. नव्या मालकांनी जुनी लाकडी पिंपं मोडीत काढली नाहीत, की तयार यीस्टही मागवलं नाही. इथे बनणाऱ्या रमची सगळी ओळख त्या निर्णयामुळे टिकली.

इथे उसाची मळी आंबते ती हवेत आणि लाकडात मुरलेल्या रानटी यीस्टमुळे. मोठे कारखाने जे एक-दोन दिवसांत उरकतात, त्याला इथे आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात बॅक्टेरियाही हातपाय पसरतात. एरवी मद्य गाळणारे त्यांच्या नावाने बोटं मोडतात. इथे त्यांना मुद्दाम पोसतात. भट्टीत उरलेलं आंबट, तपकिरी पाणी, म्हणजे ‘डंडर’, पुढच्या घाण्यासाठी राखून ठेवतात. (महाराष्ट्रातल्या मळीच्या डिस्टिलरींना असंच पाणी कुठे जिरवायचं हा घोर असतो.) शिवाय खड्ड्यात कुजवलेला ‘मक’ नावाचा रबरबीत लगदा असतो. त्यात ब्युटिरिक आम्ल तयार होतं. खवट लोण्याला आणि ओकारीला जो वास येतो, तो याच आम्लाचा.

पण हेच आम्ल अल्कोहोलशी जोडलं गेलं, की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि तयार होतं इथाइल ब्युटिरेट. त्याचा वास थेट पिकलेल्या अननसाचा! रसायनशास्त्रात याहून देखणी उलथापालथ मला तरी माहीत नाही. अशा संयुगांना एस्टर म्हणतात.

तांब्याच्या भट्टीतून निघालेली वाफ आणखी दोन भांड्यांतून बुडबुडत जाते. पहिल्यात मागच्या घाण्याचा सौम्य अर्क असतो, दुसऱ्यात कडक. त्यामुळे एकाच फेरीत अल्कोहोल 85 टक्क्यांच्या आसपास पोचतं आणि एस्टरही सोबत येतात. शुद्ध अल्कोहोलच्या दर 100 लिटरमागे 1,600 ग्रॅम एस्टर ही जमैकातली कमाल मर्यादा. हॅम्पडेनची ‘डीओके’ रम 1,500 ते 1,600 ग्रॅमची. ती पिण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या रममध्ये किंवा मिठाईत थोडीशी घालण्यासाठी बनली.

वर्षानुवर्षं इथली रम न मुरवताच युरोपात जायची आणि दुसऱ्यांच्या नावाने विकली जायची. हसी कुटुंबाने ती बेटावरच ओकच्या पिंपांत मुरवायला घेतली. तिथल्या उष्णतेत दरवर्षी उडून जाणारी रम स्कॉटलंडमधल्या व्हिस्कीच्या दुपटीहून अधिक. ती घट सोसून 2018 मध्ये हॅम्पडेनने स्वतःच्या नावाची मुरलेली रम बाजारात आणली.