बाहेर जाणाऱ्या मेलची वाटणी आणि डीएनएस

मोठ्या संस्थेतून बाहेर पडणारा सगळा मेल एकाच सर्व्हरवरून जात असेल, तर तो सर्व्हर बंद पडताच संस्थेचा पत्रव्यवहार ठप्प होतो. म्हणून बाहेरच्या वाटेवर दोन-तीन किंवा त्याहून अधिक रिले सर्व्हर ठेवतात. आतले मेल सर्व्हर, बिले पाठवणारी प्रणाली, कार्यालयातले स्कॅनर असे सगळे आपला मेल या रिलेंकडे सोपवतात आणि पुढे तो जगभर पोचवणे हे रिलेंचे काम. कोणता मेल कोणत्या रिलेकडे जायचा, हे ठरवायला मध्ये स्वतंत्र लोड बॅलन्सर बसवता येतो. पण तो विकत घ्यावा लागतो, सांभाळावा लागतो आणि एकटाच असला तर तोही कधीतरी बंद पडतो. डीएनएस मात्र प्रत्येक संस्थेकडे आधीपासूनच असते आणि ही वाटणी त्यातल्या चार ओळींत बसते.

या कामी येणारी मुख्य नोंद म्हणजे एमएक्स. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसचा आराखडा मांडला, तेव्हा मेलसाठी एमडी आणि एमएफ अशा दोन वेगळ्या नोंदी होत्या. १९८६ च्या जानेवारीत त्या मागे पडून एमएक्स आली. ती कशी वापरायची, याचे नियम क्रेग पार्ट्रिज यांनी आरएफसी ९७४ मध्ये घालून दिले. प्रत्येक एमएक्स नोंदीत सर्व्हरचे नाव आणि प्रायॉरिटीचा आकडा असतो. लहान आकड्याचा सर्व्हर आधी, तो मिळाला नाही तर त्यापुढचा. आकडे सारखे असतील, तर पाठवणाऱ्या सर्व्हरने क्रम यादृच्छिक ठेवून भार पसरवावा, असे आजचे एसएमटीपी मानक, म्हणजे २००८ चे आरएफसी ५३२१, स्पष्टपणे बजावते.

एमएक्स ही बाहेरून येणाऱ्या मेलसाठीची नोंद, असाच सर्वसाधारण समज असतो. पण आतल्या सर्व्हरच्या दृष्टीने रिले हाही मेल स्वीकारणाराच असतो. समजा, संस्थेने आपल्या डोमेनखाली ‘आउटबाउंड’ असे एक नाव तयार केले. त्याला तीन एमएक्स नोंदी दिल्या आणि तिन्ही रिलेंपुढे १० हाच आकडा लिहिला. दुसऱ्या शहरातल्या राखीव रिलेची चौथी नोंद २० आकड्याने जोडली. आता पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या ‘रिलेहोस्ट’ या सेटिंगमध्ये हे नाव लिहिले की मेल तिघांत वाटला जातो आणि तिघेही गप्प झाले तरच चौथ्याकडे वळतो. इथे एका बारकाव्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. नाव नुसते लिहिले तर पोस्टफिक्स एमएक्स शोधतो. चौकटी कंसात लिहिले तर एमएक्स वगळून थेट आयपी पत्ता शोधतो. सेंडमेलमध्येही कंसाचा अर्थ हाच. दोन कंस चुकून लिहिले गेले, तर डीएनएसमध्ये काळजीपूर्वक लिहिलेल्या चारही नोंदींकडे सर्व्हर पाहतच नाही.

स्कॅनर आणि कित्येक अॅप्लिकेशन एमएक्स विचारतच नाहीत. त्यांच्यासाठी त्याच नावाला अनेक ए नोंदी, म्हणजे थेट आयपी पत्त्याच्या नोंदी, देता येतात. डीएनएस सर्व्हर दर उत्तरात पत्त्यांचा क्रम फिरवतो. याला राउंड रॉबिन म्हणतात आणि १९९५ च्या आरएफसी १७९४ मध्ये त्याची चर्चा आहे. पण इथली वाटणी एमएक्सइतकी भरवशाची नाही. समान एमएक्समधली निवड पाठवणारा सर्व्हर स्वतः करतो, तर ए नोंदींचा क्रम वाटेतल्या प्रत्येकाच्या हाती असतो. २००३ च्या आरएफसी ३४८४ नुसार आपल्या पत्त्याशी सुरुवातीचे अधिकाधिक बिट जुळणारा पत्ता वर आणायचा होता. हा नियम पाळणाऱ्या यंत्रांवर राउंड रॉबिनने फिरवलेला क्रम पुन्हा ठरावीक होऊन बसे आणि एकाच सर्व्हरवर गर्दी होई.

रिले किती दमला आहे, हे डीएनएसला कळत नाही. बंद पडलेल्या सर्व्हरचे नावही ते पूर्वीसारखेच देत राहते. वेबसाठी ही मोठीच उणीव. मेलला मात्र ती सोसते, कारण रांग लावणे आणि पुन्हा प्रयत्न करणे हा एसएमटीपीचा मूळ स्वभाव आहे. एका रिलेने जोडणी घेतली नाही तर पाठवणारा लगेच यादीतल्या दुसऱ्याकडे जातो. कोणीच घेतली नाही तर मेल रांगेत थांबतो. किमान चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नये, असे मानक सांगते. म्हणूनच इतकी साधी योजना मेलच्या जगात इतकी वर्षे टिकून आहे आणि मध्यम आकाराच्या बहुतेक संस्थांना ती पुरेशी आहे.

बंद रिलेपेक्षा हळू चालणारा रिले जास्त त्रास देतो. सर्व्हर एकच जोडणी उघडी ठेवून तिच्यावरून अनेक मेल पाठवतात. एका जोडणीवर ठरावीक संख्येने मेल, असा नियम ठेवला, तर वेगवान रिलेची जोडणी झटपट संपते आणि हळू रिलेची तासन्‌तास अडकून राहते. निवड यादृच्छिक असूनही उघड्या जोडण्या हळूहळू त्या मंद रिलेवरच साचतात. पोस्टफिक्सने म्हणून संख्येऐवजी वेळेची मर्यादा घातली. जोडणीचा पुनर्वापर मुळात ३०० सेकंदच होतो, मग मंद रिलेच्या वाट्याला आपोआप कमी मेल येतो. आखणी करणाऱ्यांनी हा प्रश्न किती खोलात जाऊन पाहिला होता, ते या एका सेटिंगमधून दिसते.

रिले वाढले की जगाला दिसणारे आयपी पत्तेही वाढतात. प्रत्येक पत्त्याला उलट दिशेची पीटीआर नोंद हवी आणि आपल्या नावाने कोणी मेल पाठवावा हे सांगणाऱ्या एसपीएफ नोंदीत त्याचा समावेश हवा. एसपीएफ तपासताना डीएनएसमध्ये दहाच शोधांची मुभा असते, त्यामुळे तिथे नावांऐवजी थेट पत्ते लिहिणे शहाणपणाचे. ग्रेलिस्टिंग करणारा सर्व्हर अनोळखी पत्त्याला आधी परत पाठवतो आणि त्याच पत्त्याने पुन्हा यावे अशी अपेक्षा धरतो. या रचनेत त्याची अडचण येत नाही, कारण एकदा स्वीकारलेला मेल त्याच रिलेच्या रांगेत राहतो आणि तिथूनच पुन्हा निघतो. याचीच दुसरी बाजू अशी की रिले कोसळला तर त्याच्या डिस्कवरचा मेल तो दुरुस्त होईपर्यंत अडकतो. डीएनएसमुळे वाचतो तो त्यानंतरचा मेल.

कमी-जास्त ताकदीच्या यंत्रांना कमी-जास्त वाटा देण्याची सोय एमएक्समध्ये नाही. ती एसआरव्ही नोंदीत आहे: तिच्यात प्रायॉरिटीबरोबर वजनाचाही आकडा असतो. सर्व्हर-सर्व्हरमधल्या मेलसाठी ती रूढ झाली नाही, पण २०२३ मध्ये आलेल्या पोस्टफिक्स ३.८ पासून रिले निवडताना ती वापरता येते.

रिले दुरुस्तीसाठी बाजूला काढायचा असेल, तर आदल्या दिवशीच नोंदींचा टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवण्याची मुदत, ३६०० सेकंदांवरून ३०० वर आणतात. मग त्याची नोंद काढतात, जुनी उत्तरे सगळीकडून विरेपर्यंत थांबतात, रांग रिकामी झाल्याची खात्री करतात आणि त्यानंतरच यंत्र बंद करतात.