बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

आज, ५ एप्रिल २०२६ रोजी, ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजेच ईस्टर, आणि पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन एकाच दिवशी आले आहेत. १९२२ साली याच तारखेला केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंचे निधन झाले, आणि तेव्हापासून त्यांच्याविषयी जे लिहिले गेले त्यात इंग्लंडमधील धर्मांतर, त्यावरून पुण्यात उठलेले वादळ आणि शारदा सदनाचे स्त्रीशिक्षणाचे कार्य यांनाच बहुतेक जागा मिळाली आहे. हे सारे महत्त्वाचे आहेच. परंतु रमाबाईंनी आपल्या आयुष्याकडे मागे वळून पाहताना जो प्रश्न मध्यवर्ती मानला, म्हणजे मनाला समाधान कधी लाभले आणि ते कशामुळे लाभले, तो मराठी चर्चेत जवळजवळ विचारलाच जात नाही.

रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत आपली ‘साक्ष’ प्रसिद्ध केली. साक्ष म्हणजे ख्रिस्ती परंपरेत स्वतःच्या विश्वासाचा अनुभव इतरांपुढे मांडणारे निवेदन. त्यात त्यांनी स्पष्टपणे नोंदवले आहे की बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म त्यांना सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडण्यास आणखी आठ वर्षे जावी लागली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे मनोरमा या आपल्या लहानग्या मुलीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांची बुद्धी पटलेली होती: ख्रिस्ती झालेले पंडित नीलकंठशास्त्री गोरे यांच्या पत्रांतील युक्तिवाद त्यांनी स्वीकारला होता, आणि समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी फुलहॅम येथे मठवासी भगिनी करीत असलेले काम त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. मन मात्र स्वस्थ नव्हते. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममातेबरोबर ख्रिस्ताचे ईश्वरत्व आणि चर्चचा अधिकार या विषयांवर त्यांचा जो दीर्घ वाद झाला, तो १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात वाचावयास मिळतो, आणि ती पत्रे वाचताना समाधान पावलेल्या व्यक्तीऐवजी प्रत्येक सिद्धान्ताला कारण विचारणारी, कोणाच्याही धाकाखाली मान न तुकवणारी विदुषीच समोर उभी राहते.

या अस्वस्थतेचे मूळ त्यांच्या बालपणात शोधावे लागते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत, तीर्थामागून तीर्थ करीत, व्रते आणि उपास पाळीत देशभर पायी हिंडले, आणि १८७०च्या दशकातील दुष्काळात आईवडील व बहीण यांचा अंत झाला. पुण्य कष्टाने मिळवावे लागते आणि मिळवूनही ते पुरे पडत नाही, ही जाणीव अशा आयुष्यात हाडीमांसी खिळते. नव्या धर्मातही उपासनेचे नियम, चर्चचे संस्कार आणि गुरुजनांची आज्ञा हेच समोर आले, तर जुने ओझे नव्या नावाने पुन्हा खांद्यावर बसण्याचाच तो प्रकार होता. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या हाती आले आणि ही गाठ सुटू लागली. हॅस्लम अनेक वर्षे चर्चमध्ये उपदेश करीत होते, परंतु १८५१ साली स्वतःच्याच प्रवचनाच्या ओघात त्यांना प्रथमच विश्वासाचा खरा अनुभव आला. दीक्षा होऊनही माणूस आतून कोरडा राहू शकतो, हे रमाबाईंनी तेथे वाचले. त्यानंतर, १८९१च्या सुमारास, त्यांना ‘कृपे’चा, म्हणजे लायकी न पाहता देवाने दिलेल्या क्षमेचा, अर्थ उमगला: जे कमवावयाचे नव्हतेच, ते केवळ स्वीकारावयाचे होते. त्यांच्या समाधानाचा उगम येथे आहे, आणि चरित्रकारांनी १८८३ला दिलेले वजन खरे पाहता १८९१ला द्यावयास हवे.

हे समाधान स्वस्त नव्हते. नव्या आनंदामुळे रमाबाई खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करू लागल्या, शारदा सदनातील काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या, आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पाठोपाठ अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सल्लागारांची अडचण समजण्यासारखी होती, कारण सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे आश्वासन दिले गेले होते. तरीही दार लावून घेण्यास रमाबाईंनी नकार दिला, आणि तेथून पुढे त्यांच्या कामाचा आवाका आकसण्याऐवजी वाढत गेला. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व विधवा आणल्या, १९००च्या दुष्काळात गुजरातमधून आणल्या, आणि केडगावच्या माळावर शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दुग्धालय व छापखाना असलेली जवळजवळ दोन हजारांची वसाहत उभी राहिली.

या वसाहतीत १९०५ साली जे घडले त्याला ख्रिस्ती परिभाषेत ‘उज्जीवन’ म्हणतात, म्हणजे आधीच विश्वास ठेवणाऱ्यांच्या अंतःकरणात विश्वास पुन्हा जिवंत होणे. वेल्समधील उज्जीवनाची वार्ता ऐकून रमाबाईंनी जानेवारीत प्रार्थनागट सुरू केले होते. मिनी अब्राम्स या त्यांच्या अमेरिकन सहकारी महिलेने दिलेल्या वृत्तान्तानुसार, जूनअखेरच्या एका रात्री एका मुलीच्या अंगावर अग्नी उतरल्यासारखा दिसला, तेव्हा दुसरी मुलगी पाण्याची बादली आणावयास धावली, आणि पाणी ओतणार तोच तिच्या ध्यानात आले की काहीही जळत नव्हते. पुढील दिवसांत मुली मोठ्याने रडून पापांची कबुली देऊ लागल्या, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या, वर्ग बंद ठेवावे लागले. आधुनिक वाचकास हा सामूहिक उन्माद वाटेल. परंतु भुकेने आणि वैधव्याने ज्यांचे तोंड बांधले गेले होते त्यांना येथे प्रथमच मोकळेपणाने हंबरडा फोडता आला आणि त्यानंतर गाताही आले, ही गोष्ट नजरेआड करणे अन्यायाचे ठरेल; शिवाय आवेग ओसरल्यावर याच मुली गटागटाने आसपासच्या गावांत प्रचारास जाऊ लागल्या. पेंटेकॉस्टल चळवळीचा, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती प्रवाहाचा, उगम सहसा ज्यांत पाहिला जातो त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील सभा १९०६च्या, म्हणजे केडगावनंतरच्या. अब्राम्स यांची पुस्तिका चिलीमधील वाल्पाराइसो येथे पोहोचून १९०९च्या तेथील चळवळीस कारणीभूत झाली, म्हणून ॲलन अँडरसन यांच्यासारखे इतिहासकार पेंटेकॉस्टल ख्रिस्ती धर्माच्या जागतिक इतिहासात केडगावला मानाचे स्थान देतात. दौंड तालुक्यातील या गावाची ही कीर्ती महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात यावयास हवी.

बाप्तिस्मा आणि अंतरीचे नवेपण यांत वर्षे जावी लागणे ही रमाबाईंची एकटीची कथा नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, भक्तिपर पदे लिहून मराठी ख्रिस्ती उपासनेला तिचा स्वतःचा सूर दिला, आणि तरीही १९१७ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, मिशनची पगारी नोकरी सोडून ते ‘देवाच्या दरबारा’च्या कामास लागले. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना समान स्थान होते, आणि तुकोबांच्या अभंगांतून ख्रिस्तापर्यंत पोहोचलेल्या कवीला ही कल्पना सुचावी हे स्वाभाविकच होते. त्यासाठी त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी ते गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य अपुरे होते, आणि त्याचे पुढचे अध्याय लिहिण्याचे काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले.