गिटारच्या सोलोवादनासाठी व्हिडिओ निवडताना

गोव्याला नोटेशन वाचणाऱ्या वादकांची मोठी परंपरा आहे. चर्चच्या संगीतशाळांत घडलेल्या कितीतरी वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद समृद्ध केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्या काळातील ठळक नाव. संगीतशाळेत चुकलेले बोट तिथल्या तिथे सुधारणारा शिक्षक समोर असे. आज लीड गिटार शिकू पाहणाऱ्या अनेकांचा पहिला गुरू मात्र मोबाइलचा पडदा असतो.

सुरतचा बमरोली-पांडेसरा हा कापड उद्योगाचा पट्टा. खानदेशातून गेलेली अनेक मराठी कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली आहेत. तेथे पाळीवर काम करणाऱ्या तरुणाला वर्गाची ठरावीक वेळ सांभाळणे जितके कठीण, तितकेच काणकोण किंवा सत्तरीतील विद्यार्थ्याला रोज पणजी गाठणे. अशांना व्हिडिओ हा मोठाच आधार आहे. परंतु पडदा विद्यार्थ्याचे वादन ऐकत नाही; त्यामुळे चुकीची सवय महिनोन्‌महिने मुरत जाते. म्हणूनच निवड चोखंदळपणे करायला हवी.

पहिली कसोटी ही की, एका व्हिडिओत एकच तंत्र असावे. तार ओढून स्वर चढवणे म्हणजे बेंडिंग, स्वर आंदोलित करणे म्हणजे व्हायब्रेटो, डाव्या हाताच्या बोटानेच पुढचा स्वर उमटवणे म्हणजे हॅमर-ऑन. यांतील प्रत्येकाला स्वतंत्र सराव लागतो. दहा मिनिटांत दहा करामती दाखवणारा व्हिडिओ मनोरंजन करतो, शिकवत नाही.

दुसरी कसोटी दिसण्याची आणि ऐकू येण्याची. दोन्ही हात जवळून दिसावेत आणि तोच तुकडा आधी संथ, मग मूळ लयीत वाजवलेला असावा. यूट्यूबवर वेग पाव पटीपर्यंत कमी करता येतो. तरीही शिक्षकाने मुद्दाम संथ वाजवलेले अधिक उपयोगी, कारण त्यात हाताची नैसर्गिक हालचाल दिसते.

तिसरी कसोटी कारणमीमांसेची. कोणत्या पट्टीवर बोट ठेवायचे एवढेच सांगणारा धडा अपुरा असतो. तो स्वर तेथे का शोभतो, हेही कळले पाहिजे. मराठी श्रोत्याला येथे एक सोय आहे. सोलोत सर्वाधिक वापरली जाणारी मायनर पेंटाटॉनिक स्वरमाला म्हणजे धानी रागाचे सा, ग॒, म, प, नि॒ हे स्वर; मेजर पेंटाटॉनिक म्हणजे भूपाचे स्वर. बेंडिंगची कल्पनाही सतारीच्या मींडेवरून चटकन समजते.

चौथी कसोटी वाद्याची. बहुतेक सोलो इलेक्ट्रिक गिटारवर शिकवले जातात. तिच्या पहिल्या तारेची जाडी बहुधा ०.००९ किंवा ०.०१० इंच असते. अकूस्टिक गिटारवर ०.०१२ इंचाची तार सर्रास आढळते. तिच्यावर पूर्ण स्वराचे बेंडिंग नवशिक्याला अवघड जाते आणि दोष आपल्या बोटांचा आहे असे वाटून तो वाद्य बाजूला ठेवतो. शिक्षकाच्या हातात कोणते वाद्य आहे, हे म्हणूनच आधी पाहावे.

शुल्क भरण्यापूर्वी मोफत उपलब्ध असलेली क्रमवार पाठमाला तपासावी. ऑस्ट्रेलियन शिक्षक जस्टिन सँडरको यांची पाठमाला त्यासाठी जगभर परिचित आहे. एकदा पाठमाला निवडली की काही आठवडे दुसरीकडे वळू नये.

शिक्षकाच्या कानाची उणीव काही अंशी भरून काढता येते. बेंडिंग करण्यापूर्वी दोन पट्ट्या पुढचा स्वर वाजवून ऐकावा, मग तार ओढून नेमका तोच स्वर गाठावा. आठवड्यातून एकदा आपले वादन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मूळ तुकड्याशी ताडून पाहावे. मनगट दुखू लागल्यास सराव तत्काळ थांबवावा. शक्य असेल तेव्हा, महिन्यातून एकदा का होईना, जाणकार वादकाला ते ऐकवावे. त्याने दाखवलेली एक चूक पुढच्या अनेक व्हिडिओंची निवड सोपी करून जाते.