औषधांना न जुमानणारे जंतू

मनुष्य आणि रोगजंतू यांचें वैर फार पुरातन आहे. परंतु त्या लढ्यांत मनुष्याच्या हातीं खरें शस्त्र आलें तें अगदीं अलीकडे. १९२८ सालीं लंडनमध्यें अलेक्झांडर फ्लेमिंग यांस एका बुरशीच्या भोवतालचे जंतू नष्ट झालेले दिसले, आणि त्या निरीक्षणांतून पुढें पेनिसिलीन निर्माण झालें. आपल्या महाराष्ट्रांत पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व दुसऱ्याच वर्षीं तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. ज्या न्यूमोनियानें किंवा चिघळलेल्या जखमेनें पूर्वीं घरचा कर्ता मनुष्य हातचा जात असे, ती व्याधी थोड्या दिवसांच्या औषधानें बरी होऊं लागली. अशा औषधांस प्रतिजैविकें म्हणतात.

हीं औषधें हळूहळू निकामी होत चाललीं आहेत, आणि त्याचा प्रत्यय विशेषेंकरून रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत येतो. तें कां व कसें, आणि त्याच्याशीं शाळेंतील मुलामुलींचा व त्यांच्या आईवडिलांचा काय संबंध, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अतिदक्षता विभागांत अत्यवस्थ रोगी ठेवतात. श्वास चालविण्यासाठीं घशांतून एक नळी, औषधासाठीं मोठ्या शिरेंत दुसरी, लघवीसाठीं तिसरी, अशी तेथें व्यवस्था असते. ज्या वाटांनीं प्राण वांचतात, त्याच वाटांनीं जंतूंसही आंत शिरतां येतें. आपली त्वचा हा शरीराचा कोट होय. नळी म्हणजे त्या कोटास पडलेलें खिंडार. नळीच्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर करून राहतात, व त्या थरांत औषध नीट पोंचत नाहीं. रोग्याची प्रतिकारशक्ति आधींच खचलेली असते. शिवाय तेथें बहुतेकांस प्रतिजैविकें द्यावीं लागतात. म्हणून दुबळे जंतू मरतात आणि औषधास दाद न देणारे तेवढे मागें उरतात. क्लेब्सिएला, स्यूडोमोनास व ॲसिनेटोबॅक्टर हीं त्यांतील प्रमुख नांवें. ॲसिनेटोबॅक्टर तर खाटेच्या कोरड्या दांडीवर कित्येक दिवस जिवंत राहतो, आणि न धुतलेल्या हातावर बसून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातो.

जंतूंस हें सामर्थ्य येतें कसें? आपल्या विदर्भांतील शेतकऱ्यांस हें कोडें कठीण वाटूं नये. कपाशीवर तेंच तें कीटकनाशक वारंवार फवारलें, तर बहुतेक अळ्या मरतात, पण कांहीं थोड्या तगतात, आणि पुढील पिढी त्यांचीच होते. जंतूंची पिढी तर कधीं कधीं अर्ध्या तासांतच बदलते. कित्येक जंतू औषधाचा रेणू तोडणारें विकर तयार करतात. कित्येक आंत आलेलें औषध पंपानें पाणी उपसावें तसें बाहेर टाकतात. याहून गंभीर गोष्ट अशी कीं, हें कसब ते परस्परांस देऊं शकतात. प्लास्मिड नांवाचें जनुकांचें एक लहानसें कडें एका जंतूंतून दुसऱ्यांत जातें, मग तो दुसऱ्या जातीचा कां असेना. एका वर्गांतील मुलाची वही उतरून दुसऱ्या वर्गांतील मुलानें उत्तर लिहावें, तसाच हा प्रकार.

कार्बापेनेम नांवाचीं प्रतिजैविकें दीर्घकाळ राखीव समजलीं जात. इतर औषधें हरलीं कीं डॉक्टर त्यांचा आश्रय करीत. २००८ सालीं, दिल्लींत उपचार घेऊन स्वीडनला गेलेल्या एका रोग्याच्या शरीरांतील जंतूंत हीं औषधेंही तोडणारें विकर सांपडलें. त्यास एनडीएम-१ असें नांव पडलें. २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या अवधींत मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील तज्ज्ञांस कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जंतू आढळले. त्यांपैकीं २२ जंतूंत हेंच विकर निघालें. त्यांनीं तें २०१० सालीं प्रसिद्ध करून सर्वांस सावध केलें.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें २०१३ सालीं देशांतील मोठ्या रुग्णालयांतून अशी माहिती गोळा करण्याची योजना हातीं घेतली. नागपूरपासून सुमारें ७५ किलोमीटरांवर असलेली सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थाही तींत सामील झाली. परिषदेच्या अहवालाप्रमाणें, इमिपेनेम या कार्बापेनेमला दाद देणाऱ्या क्लेब्सिएला जंतूंचें प्रमाण २०१६ सालीं शेंकडा ६५ होतें. २०२१ सालीं तें शेंकडा ४३ वर आलें. त्याच वर्षीं ॲसिनेटोबॅक्टरपैकीं शेंकडा ८७ हून अधिक जंतू कार्बापेनेमला जुमानीत नव्हते. अशा वेळीं डॉक्टरांस कोलिस्टिनसारख्या जुन्या औषधाकडे वळावें लागतें, आणि त्यानें मूत्रपिंडास अपाय होण्याचें भय असतें. कांहीं नवीं औषधें निघालीं आहेत. पण तीं फार महाग असून प्रत्येक जंतूवर चालत नाहींत.

नागपूरच्या मेडिकल, मेयो व इतर रुग्णालयांत गडचिरोली-गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रोगी येतात. त्यांत कोणाची आई असते, कोणाचें नुकतेंच जन्मलेलें मूल. त्यांच्यासाठीं राखून ठेवावयाचीं औषधें आपण घरीं सर्दी-पडशासाठीं उधळतों, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. सर्दी ही विषाणूंमुळें होते, व विषाणूंवर प्रतिजैविकाचा कांहींच परिणाम होत नाहीं. उलट आपल्या पोटांतील निरुपद्रवी जंतूंपैकीं औषधास न जुमानणारे तेवढे माजतात. पुढें तेच एखाद्या दिवशीं रुग्णालयांतही पोंचतात.

तेव्हां आम्ही वाचकांस चार गोष्टी सुचवितों. ज्या औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घेऊं नये. १ मार्च २०१४ पासून अमलांत आलेल्या एच-१ अनुसूचीप्रमाणें अशा कित्येक औषधांची नोंद दुकानदारास ठेवावी लागते. त्यास चिठ्ठीवांचून औषध देण्याची गळ घालूं नये. दिलेलें औषध सांगितलें तितके दिवस घ्यावें. उरलेलें दुसऱ्यास देऊं नये. लसी वेळेवर टोंचून घ्याव्या, कारण जो रोग झालाच नाहीं त्यास औषध लागत नाहीं. आणि आजाऱ्यास भेटावयास गेल्यावर परिचारिकेनें दारांत थांबवून हात धुवावयास सांगितलें, किंवा एकाहून अधिक माणसांस आंत सोडलें नाहीं, तर राग मानूं नये. ती आपल्याच माणसाचें रक्षण करीत असते.

फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना केलेल्या व्याख्यानांत हा धोका स्पष्ट सांगितला होता: अपुऱ्या मात्रेनें औषध घेणारा मनुष्य जंतूंस औषधाची संवय लावतो, आणि तेच जंतू पुढें त्याच्या जवळच्या माणसाचा जीव घेऊं शकतात. आमच्या विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट आज घरीं आपल्या आईवडिलांस व आजीआजोबांस समजावून सांगितली, तर या लेखाचें काम झालें असें आम्ही समजूं.