जुन्या संगणकाचे मोल

बारावीनंतर परगावी शिकावयास निघालेला एखादा विद्यार्थी खेळांसाठी हौसेने बांधून घेतलेला आपला संगणक विकावयास काढतो, असे समजू. येणाऱ्या पैशांतून त्याला वसतिगृहाचे शुल्क भरावयाचे आहे. २०२१ साली त्या संगणकाला १,२०,००० रुपये पडले होते. निदान निम्मे तरी यावेत, अशी त्याची अपेक्षा. दुकानदार मात्र २२,००० रुपयांच्या वर जावयास तयार नाही. ह्यांपैकी न्याय्य आकडा कोणता? हिशेब मांडून पाहिला म्हणजे दोन्हीही नव्हेत, असे दिसून येते.

आपण वस्तू केवढ्यास घेतली, ह्याच्याशी पुढच्या ग्राहकाला कर्तव्य नसते. तेच काम तितक्याच वेगाने करणारा नवा संगणक आज केवढ्यास मिळेल, एवढेच तो पाहतो. मोजदादीचा आरंभ येथूनच केला पाहिजे. एनव्हिडिया कंपनीचे ‘आरटीएक्स ३०८०’ हे ग्राफिक्स कार्ड सप्टेंबर २०२० मध्ये ६९९ डॉलर किमतीस जाहीर झाले. एप्रिल २०२३ मध्ये त्याच कंपनीने ‘आरटीएक्स ४०७०’ हे कार्ड ५९९ डॉलरना आणले. खेळांतील वेग जवळजवळ तेवढाच, आणि वीज मात्र पुष्कळ कमी! तेव्हापासून जुने कार्ड कितीही जपून वापरलेले असले, तरी त्याला ५९९ डॉलर देणारा ग्राहक मिळण्याची आशा उरली नाही.

ग्राफिक्स कार्डाचेच उदाहरण घेण्यास कारण आहे. खेळ चालू असता पडद्यावरील चित्र दर सेकंदास साठ वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा नव्याने रेखाटावे लागते. हे काम ते कार्ड करते, आणि म्हणून अशा संगणकात बहुधा तोच सर्वांत महाग भाग असतो.

आता आपल्या विद्यार्थ्याचा हिशेब करू. हिशेबापुरते असे धरू, की तितक्याच सामर्थ्याचे नवे कार्ड आज २५,००० रुपयांस मिळते. प्रोसेसर व मदरबोर्ड मिळून १८,००० रुपये होतात. रॅम, एसएसडी, वीजपुरवठ्याचा संच व पेटी ह्यांचे २२,००० रुपये. एकूण ६५,०००. एवढ्या रकमेत हमीसह कोरा संगणक येत असता, हमी संपलेल्या संगणकाचे ६०,००० कोण देईल? झीज आणि ग्राहकाने पत्करलेली जोखीम ह्यांबद्दल दोन-पंचमांश, म्हणजे २६,००० वजा केले, तर ३९,००० उरतात. दोन-पंचमांश हे काही शास्त्रवचन नव्हे. कार्डाची हमी वर्षभर उरली असेल आणि मूळ पावती जपून ठेवली असेल, तर वजावट कमी धरावी. दुकानदाराला संगणक तपासावा लागतो, गिऱ्हाईक येईपर्यंत सांभाळावा लागतो. त्यामुळे त्याने थोडे कमी देणे रास्तच आहे. तथापि ३९,००० आणि २२,००० ह्यांतील अंतर त्या श्रमांच्या मानाने फारच मोठे आहे.

सोन्याचा दागिना मोडीत घालताना सराफ घडणावळ धरीत नाही, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. येथेही तसेच. जुळणीची मजुरी, पेटीतील रंगीबेरंगी दिवे, शोभेच्या काचा ह्यांवर केलेला खर्च परत येत नाही. भाग सुटे करून विकले, तर बहुधा एकंदर रक्कम अधिक येते. पण त्याला वेळ लागतो, आणि रिकामी पेटी घरातच राहते.

बाजाराची भरती-ओहोटीही ध्यानात घ्यावी लागते. ‘ईथरियम’ हे आभासी चलन मिळविण्यासाठी पूर्वी ग्राफिक्स कार्डे रात्रंदिवस राबविली जात. त्यामुळे २०२१ साली कार्डांचा तुटवडा पडला, आणि वापरलेली कार्डेही मूळ किमतीहून चढ्या भावाने खपली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली, कार्डांचे ते काम संपले आणि जुन्या कार्डांची बाजारात रीघ लागली. उलट, २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा जुन्या संगणकांतील रॅमलाही मोल आले.

कधी कधी तर यंत्र ठणठणीत असूनही त्याची किंमत उतरते. २०१७ साली निघालेला इंटेलचा ‘७७००के’ हा प्रोसेसर एके काळी नावाजलेला होता; परंतु ‘विंडोज ११’ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या प्रोसेसरांच्या यादीत तो नाही. ‘विंडोज १०’ ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. प्रोसेसर काही बिघडला नव्हता, पण गिऱ्हाइके मात्र कमी झाली.

आकडा ठरल्यावर परीक्षा उरते. बैलबाजारात शेतकरी बैलाचे दात पाहतो, पण चालवून पाहिल्यावाचून सौदा करीत नाही. संगणकही सुरू होतो एवढे पाहून भागत नाही. एखादा जड खेळ अर्धा तास चालवावा. उष्णता किती चढते, पंखा कुरकुरतो काय, चित्र मध्येच अडखळते काय, हे विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या देखत पाहावे. पंखा खराब निघाला, तर नव्या पंख्याचे पैसे वजा करावेत. तेवढ्यासाठी साऱ्या संगणकाचा भाव पाडू देऊ नये.