हवेचेही पैसे

फेब्रुवारी जवळ आला की मावळातल्या पॉलिहाऊसमधून गुलाबाची खोकी परदेशी जायला विमानतळाकडे निघतात. समजा एक खोकं १०० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ३० उंच आहे. काट्यावर ते भरतं १२ किलो, पण विमान कंपनी भाडं लावते २० किलोचं. यात लबाडी काही नाही. लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला ६,०००नं भागायचं, की घनफळाचं वजन मिळतं. ते आणि काट्यावरचं, यांत जे जास्त, त्यावर भाडं. धंद्यात याला ‘चार्जेबल वेट’ म्हणतात. या हिशेबानं एक घनमीटर जागा म्हणजे सुमारे १६७ किलो, मग आत गुलाब असोत की थर्माकोल.

हाच भागाकार अख्ख्या विमानाला लावून बघा. बोइंग ७७७च्या मालवाहू विमानाची ताकद सुमारे १०२ टनांची आणि जागा ६५० घनमीटरची. घनमीटरला १०० किलो भरणारी फुलं, कपडे कोंबले, तर जागा संपते पण वजन होतं जेमतेम ६५ टन. घनमीटरला ४०० किलो भरणारे यंत्रांचे सुटे भाग नुसते चढवले, तर १०२ टन झटक्यात पुरे होतात आणि ३९५ घनमीटर, म्हणजे निम्म्याहून जास्त विमान, मोकळंच उडतं.

आता दोन्ही मिसळा. हलका माल ५२७ घनमीटर, जड माल १२३. जागाही भरली, वजनही भरलं. उचलले १०२ टन, पण हलक्या मालाला जागेचं भाडं लागल्यामुळे बिल होतं सुमारे १३७ टनांचं! वरचे ३५ टन निव्वळ हवेचे. त्यांच्यासाठी इंधनाचा एक थेंब जादा जळत नाही. मावळचा गुलाब आणि शेजारच्या चाकणचा गिअर एकाच पॅलेटवर बसवणारा माणूस विमान कंपनीचा नफा अक्षरशः हातानं रचत असतो. मला या धंद्यातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

प्रत्यक्षात माल इतका शहाण्यासारखा येत नाही, आणि हे गणित फ्रेट फॉरवर्डरलाही पाठ असतं. तो दहा गिऱ्हाइकांचा माल गोळा करतो, जड-हलकं स्वतःच जुळवतो आणि बांधलेला पॅलेट कंपनीच्या हवाली करतो. मग ती हवेची कमाई त्याच्या खिशात जाते. म्हणून कंपनीनं हे मिसळणं शक्य तितकं आपल्या हाती ठेवायला हवं.

दुसरी कमाई प्रवाशांच्या पायाखाली असते. कोविडपूर्वी जगातला जवळपास निम्मा विमानी माल प्रवासी विमानांच्या पोटातून जायचा. तिकिटांवर विमान उडणारच असतं, त्यामुळे खालच्या मालाला खर्च थोडाच येतो. २०२०मध्ये ही विमानं जमिनीवर बसली, जागा आटली आणि दर भडकले. २०१९मध्ये कंपन्यांच्या उत्पन्नात मालाचा वाटा १२ टक्के होता, तो तिसऱ्या हिश्शाच्या आसपास गेला.

आणि इंधन! पूर्ण भरलेलं ते ७७७ एका दमात सुमारे ९,२०० किलोमीटर जातं. शांघाय ते शिकागो अंतर ११,०००हून जास्त. न थांबता जायचं तर इंधनासाठी कित्येक टन माल मागे ठेवावा लागेल. म्हणून ते वाटेत अलास्कातल्या अँकरेजला उतरतं, शांघायपासून सुमारे ७,००० किलोमीटरवर. तीन लाखांहून कमी वस्तीचं हे गाव, पण तिथला विमानतळ मालाच्या हिशेबात जगातल्या मोठ्यांपैकी एक. बर्फात विमान उभं राहतं, वैमानिक बदलतात, टाकी भरते. खोकी जागची हलतही नाहीत.